हातावरचा क्रूस आणि आजीचं गोंदण

प्रिय ताई,

सलाम.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुमच्या लेकीची बाजू घ्यावीशी वाटली, दुसऱ्यांदा तुमच्या सासूबाईंची. म्हणून दोन दिवस थांबून लिहायला बसले आहे.

वाचकांसाठी पत्र थोडक्यात सांगते. तुम्ही नगरच्या. यजमान चर्चच्या मंडळीत पंच, म्हणजे कारभार पाहणाऱ्यांपैकी एक, आहेत. मुलगी बी.एस्सी. नर्सिंग होऊन दीड वर्षापासून पुण्याला एका खाजगी हॉस्पिटलात नोकरी करते. नाताळच्या आदल्या रात्री ती घरी आली, स्वेटर काढला आणि उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूचा टॅटू तुम्हाला दिसला. बोटाच्या पेराएवढा क्रूस आणि खाली 49:16 असे आकडे. "कशाचे ते मी रागाच्या भरात विचारलंच नाही," असं तुम्ही लिहिलंय. सकाळी उपासनेला निघताना यजमान तिला म्हणाले, "बाही ओढून घे, नाहीतर घरीच थांब." ती घरी थांबली. लहानपणापासून नाताळच्या उपासनेत गायनाला उभी राहणारी मुलगी त्या दिवशी चर्चला गेली नाही. 26 तारखेला सकाळच्या एसटीने ती पुण्याला परतली आणि आता फक्त धाकट्या भावाशी बोलते. यजमान म्हणतात, टॅटू काढून टाकल्याशिवाय घरी यायचं नाही. सासूबाई दोन दिवस धड जेवल्या नाहीत. त्यात धाकटाही म्हणतोय, "ताईने केला, मग मीही करणार." तुम्ही विचारलंय: तिला तो काढायला लावू का, की चूक माझीच होतेय?

काढायला लावू नका. हे आधी सांगते, कारण यात खरी इजा होऊ शकते. टॅटू काढायचा म्हणजे त्वचारोगतज्ज्ञाकडे लेझरचे उपचार घ्यायचे. ते एका खेपेत होत नाही. काही आठवड्यांच्या अंतराने अनेक वेळा जावं लागतं, दुखतं, पैसे बरेच लागतात आणि तरीही कधी कधी पुसट डाग राहतो. घरच्यांच्या दबावापोटी चुना नाहीतर ॲसिड लावून हात भाजून घेतलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. भाजल्याचा व्रण टॅटूपेक्षा कितीतरी वाईट दिसतो आणि तो का झाला हे मुलगी जन्मभर विसरत नाही. तुमची लेक नर्स आहे, ती असलं काही करणार नाही. पण "काढ, मगच घरी ये" ही अट मात्र तुम्ही आजच मागे घ्या. यजमान घेत नसतील तर तुमच्यापुरती तरी घ्या.

आता सासूबाई. तुमच्या सात पानी पत्रात त्यांचं एकच वाक्य आहे आणि माझं मन तिथेच अडकलं. त्या म्हणाल्या, "ज्यातून आम्ही एवढ्या कष्टाने बाहेर पडलो, त्यातच ही परत निघाली." पुढे तुम्ही सहज लिहून गेलात, की त्यांच्या स्वतःच्या हातावर लहानपणचं गोंदण आहे. त्यांचं माहेर तेव्हा ख्रिस्ती झालेलं नव्हतं आणि घरात त्या गोंदणाबद्दल कोणीच कधी बोलत नाही.

ताई, हे वाचलं आणि मला माझी आजी दिसली.

माझी आजी नेवाशाकडच्या एका खेड्यातली. महारवाड्यात जन्मली. सात-आठ वर्षांची असताना गोंदणारी बाई वाड्यात आली. दोघी बायकांनी आजीला धरून ठेवलं आणि त्या बाईने काजळीत बुडवलेल्या सुयांचा जुडगा तिच्या हातावर टोचला. वरून हळद चोपडली. हात चार दिवस टम्म फुगला होता. रडायला लागली तर थोरल्या काकी म्हणाल्या, गोंदलं नाहीस तर सासरी तुझ्या हातचं पाणी कोणी घेणार नाही. पुढे आजीच्या वडिलांनी बाप्तिस्मा घेतला आणि तिला मिशनच्या बोर्डिंगात घातलं. ती शिकली, शिक्षिका झाली. मला आठवते ती आजी कायम मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालायची, नगरच्या मे महिन्यातल्या उन्हातसुद्धा. धुणं धुताना बाही वर गेली की आम्हा मुलांना ते गोंदण दिसायचं. हिरवट पडलेले ठिपके, मधे तुळशीसारखं काहीतरी. मी एकदा विचारलं, "आजी, हे काय गं?" ती म्हणाली, "जुनं आहे," आणि बाही खाली केली. त्या दोन शब्दांपलीकडे ती कधी गेली नाही. बाकीची हकिगत मला तिच्या धाकट्या बहिणीने सांगितली, आजी गेल्यानंतर.

नगर भागात अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 साली सुरू झालं. पुढच्या काळात इथले जे हजारो लोक ख्रिस्ती झाले त्यातले बहुतेक महार आणि मांग समाजातले होते. त्यांच्यासाठी बाप्तिस्मा हा विश्वासाचा प्रश्न होताच, शिवाय शाळेचा होता, पायातल्या चपलेचा होता, नावापुढे 'राव' लागण्याचा होता. अंगावरच्या गोंदणावरून त्या काळी माणसाचं गाव आणि जात ओळखली जायची. कपडे बदलता येतात, नाव बदलता येतं, चामडी कशी बदलणार? म्हणून ती बाहीखाली गेली. बायबलातल्या लेवीयच्या पुस्तकात अंग गोंदवू नये असं जे वचन आहे, ते आपल्या घरांत एवढं पक्कं रुजलं त्यामागे हेही एक कारण आहे, असं मला मनापासून वाटतं. वचनाने त्या माणसांच्या लाजेला आधार दिला. ती लाज त्यांची नव्हती, त्यांच्यावर लादलेली होती. पण बाही ओढून ती सोसली त्यांनीच.

म्हणून सासूबाईंना कोणी 'जुन्या विचारांच्या' म्हणू नका, तुमच्या लेकीलाही म्हणू देऊ नका. त्यांना नातीच्या मनगटावर फॅशन दिसत नाही. त्यांना ती सुई दिसते, जी त्यांना विचारून टोचली गेली नव्हती. आणि नातीला आजीच्या हातावरचं गोंदण तिच्या टॅटूचं कोणी लागतं, हे ठाऊकच नाही. एका गोष्टीला आपण 'गोंदण' म्हणतो, दुसरीला 'टॅटू', आणि दोन्ही एकाच घरात असून एकमेकींना ओळखत नाहीत. तुमच्या लेकीने सुई स्वतः निवडली, स्वतःच्या पगारातून पैसे दिले आणि त्यातून क्रूस काढून घेतला. सासूबाईंना हा फरक नातच सांगू शकेल, तुम्ही किंवा मी नाही. आजीच्या शेजारी तिला बसवा. आपण मधे पडू नका. चहा ठेवा आणि आत जा.

यजमानांनी तुम्हाला वचनं काढून दाखवली, त्यांबद्दल आता बोलते. ते पंच आहेत, शास्त्र वाचणारे आहेत, म्हणून शास्त्रातूनच बोलणं बरं.

लेवीय 19:28 मध्ये अंग गोंदवू नये असं म्हटलंय हे खरं. त्याच ओळीत मेलेल्यांसाठी अंगावर वार करून घेऊ नये असंही आहे. आजूबाजूच्या लोकांत शोकाच्या ज्या चाली होत्या, त्यांपासून इस्राएलाला वेगळं ठेवण्यासाठी ही आज्ञा होती, असं बहुतेक अभ्यासक मानतात. यजमानांना म्हणावं, फक्त ती ओळ नको, तो अख्खा अध्याय एका बैठकीत मोठ्याने वाचू. एकोणिसाव्या ओवीत दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड अंगावर घालू नये असं आहे. आपण सगळे सूत आणि पॉलिएस्टर मिसळलेलं टेरिकॉट घालून चर्चला जातो. सत्ताविसाव्यात दाढीचे कोपरे कापू नयेत असं आहे. हे दाखवून त्यांना गप्प करा असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्याच अध्यायात अठरावी ओवी आहे, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची, जी प्रभू येशूने सर्वांत मोठ्या आज्ञेच्या जोडीला ठेवली. ती तर आपल्याला सोडता येत नाही. म्हणजे या अध्यायातलं काय आपल्यावर आजही बंधन आहे आणि काय त्या काळापुरतं होतं, हे मंडळी पूर्वीपासून प्रार्थनेने, विचाराने ठरवत आली आहे. टॅटूचंही तसंच ठरवावं लागेल. एक ओळ उचलून पोरीच्या तोंडावर मारल्याने ते ठरत नाही.

आणि त्याच अध्यायात, गोंदण्याच्या ओवीनंतर चारच ओव्यांनी, पिकल्या केसांसमोर उठून उभं राहावं, वृद्धांचा मान राखावा असं लिहिलंय. ही ओवी तुमच्या लेकीसाठी. तिला वाचायला सांगा.

शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे, हे करिंथकरांस पहिल्या पत्रातलं वचन प्रेषित पौलाने जारकर्माबद्दल बोलताना लिहिलं. ते आपण सगळ्याच बाबतीत लावू, चांगलंच आहे. पण मग मिश्रीलाही लावू, तंबाखूलाही लावू. माझ्या ओळखीतली दोन कर्ती माणसं तोंडाच्या कर्करोगाने गेली, दोघंही मंडळीत मानाची, आणि त्यांच्या खिशातल्या पुडीबद्दल एकाही व्यासपीठावरून कोणी बोललं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं. राहिली प्रकटीकरणाच्या पुस्तकातली श्वापदाची खूण, म्हणजे देवाविरुद्ध उठलेल्या श्वापदाला भजणाऱ्यांच्या उजव्या हातावर किंवा कपाळावर असणारी. आधार कार्ड निघालं तेव्हा मी हे ऐकलं, करोनाच्या लसीच्या वेळी ऐकलं, आता टॅटूच्या वेळी ऐकते आहे. तो अध्याय कोणापुढे गुडघे टेकायचे याबद्दलचा आहे. मनगटावर क्रूस काढून घेणाऱ्या मुलीला तो लावणं हा तिच्यावर अन्याय आहे.

यजमानांना एक गोष्ट ठाऊक नसावी, ती सांगून पाहा. इजिप्तमधले कॉप्टिक ख्रिस्ती शतकानुशतकं मनगटाच्या आतल्या बाजूला, बहुधा उजव्या, लहानसा क्रूस गोंदवून घेतात. लेकरांच्या हातावरही आईबापच तो काढून घेतात. त्या देशात ते अल्पसंख्य आहेत, त्यांनी छळ सोसलाय, आणि तो क्रूस म्हणजे 'मी कोण आहे हे लपवणार नाही' अशी साक्ष आहे. इथिओपियात ख्रिस्ती बायकांच्या कपाळावर क्रूस गोंदलेला दिसतो. यरुशलेमच्या जुन्या शहरात एक कॉप्टिक वंशाचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंना गोंदवून देण्याचं काम करतं. लाकडी ठसे हातावर उमटवायचे आणि त्यावरून सुई फिरवायची, ही त्यांची जुनी रीत. इंग्लंडचा सातवा एडवर्ड युवराज असताना 1862 साली यरुशलेमला गेला होता, त्यानेही हातावर क्रूस गोंदवून घेतला होता. कॅथलिक चर्चचीही टॅटूवर सरसकट बंदी नाही. त्यांनी केलं म्हणून आपण करावं, असं यातून निघत नाही. पण 'ख्रिस्ती माणूस असं करतच नाही' हे वाक्य नगरच्या बाहेर टिकत नाही, एवढं मात्र नक्की. तुमच्या लेकीने उजव्या मनगटाची आतली बाजूच का निवडली, हेही तिला विचारण्यासारखं आहे.

आणि ते आकडे.

तुम्ही 49:16 लिहिलंत तेव्हा मी पवित्र शास्त्र काढून बसले. पुस्तकाचं नाव तिने गोंदलेलं नाही, म्हणून मी एकेक पाहिलं. उत्पत्ती 49:16 मध्ये याकोबाचा मुलगा दान याच्याबद्दल आहे. यिर्मया 49:16 अदोमाच्या गर्वाबद्दल आहे. एकोणपन्नासाव्या स्तोत्राची सोळावी ओवी कोणी धनवान झाला तर घाबरू नको असं सांगते. आणि यशया 49:16 मध्ये देव सियोनेला, म्हणजे यरुशलेमला म्हणतो, की मी तुला माझ्या तळहातांवर कोरून ठेवलं आहे. मला वाटतं तिचं वचन हेच असणार. त्याच्या आधीची, पंधरावी ओवीही वाचा. तिथे देव विचारतो, आपल्या तान्ह्या बाळाला आई विसरेल का? आणि पुढे म्हणतो, एखादी विसरेलही, पण मी तुला विसरणार नाही.

हे वाचून तुम्हाला रडू येईल, ठाऊक आहे. येऊ दे. रात्रपाळ्या करणाऱ्या, परक्या शहरात खोली घेऊन राहणाऱ्या बावीस-तेवीस वर्षांच्या पोरीने हे वचन मनगटावर का कोरून घेतलं असेल? दीड वर्षात तिच्यावर काय काय गुजरलं, वॉर्डात तिने किती मरणं पाहिली, कोणत्या रात्री तिला एकटं वाटलं, हे तुम्हाला माहीत आहे का? मला तरी पत्रात कुठे दिसलं नाही. टॅटूबद्दल सात पानं आहेत आणि तिच्या दीड वर्षाबद्दल एक ओळ.

हे मी तुम्हाला बोलते आहे, कारण मी स्वतः ही चूक केली आहे. माझा भाचा बारा वर्षांपूर्वी दंडावर टॅटू काढून आला. मी त्याची आई नव्हते तरी सगळ्यांच्या देखत त्याला बोलले. तो शांतपणे उठून गेला. दोन वर्षं तो माझ्या घरी आला नाही. नंतर कळलं, त्याचा कॉलेजातला जिवलग मित्र अपघातात गेला होता आणि दंडावर त्या मित्राचं नाव होतं. मी नाव वाचलंसुद्धा नव्हतं.

लेकीचंही चुकलं आहे, ते झाकत नाही. नाताळच्या आदल्या रात्री, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, कोणालाही आधी न सांगता ती आली. परवानगी मागायचं तिचं वय नाही, पण आधी फोनवर सांगितलं असतं तर पप्पांना आणि आजीला सावरायला वेळ मिळाला असता. हे तुम्ही तिला सांगू शकता, पण तिचं सगळं ऐकून झाल्यावर. आणखी एक, जे तिला बहुधा ठाऊक असेल: काही हॉस्पिटलांत मनगटावरचा टॅटू झाकायला सांगतात आणि रुग्णाजवळ काम करताना हात कोपरापर्यंत उघडे ठेवायचा नियमही बऱ्याच ठिकाणी असतो. पुढे नोकरी बदलताना हा प्रश्न आधीच विचारून घे म्हणावं.

यजमानांची अडचण मला वेगळीच वाटते. "पंचाच्या घरात असं झालं तर बाकीच्यांना मी काय तोंडाने सांगू?" हे त्यांचं वाक्य तुम्ही लिहिलंय. त्यांना पाळकसाहेबांशी एकदा मोकळेपणाने बोलू द्या, सभेत नको, घरी. मंडळीच्या तरुण संघातल्या किती मुलांच्या बाहीखाली टॅटू आहेत, हे पाळकसाहेबांना बहुधा यजमानांपेक्षा जास्त माहीत असेल. आज पुण्या-मुंबईच्या मंडळ्यांत गिटार घेऊन उपासनेला उभ्या राहणाऱ्या पोरांचे हात पाहिले तर काळ बदललाय हे दिसतं. आपल्याच पिढीत पाहा ना. काळ्या मण्यांना आपल्याकडे नाकं मुरडणारे होते, आज कितीतरी ख्रिस्ती बायकांच्या मंगळसूत्रात क्रूसाचं पदक असतं आणि कोणी वळूनही बघत नाही. यजमानांना टॅटू आवडायलाच हवा असं नाही. "मला हे पटलेलं नाही, पण तू माझी लेक आहेस, चल चर्चला" एवढं म्हणता आलं तरी पुष्कळ झालं.

स्थळाची काळजी तुम्ही शेवटच्या पानावर, जरा घाईत लिहिलीय. येणाऱ्या पाहुण्यांपासून लपवू नका. बाही ओढून बसवलेल्या मुलीचं लग्न ठरलं तर ती बाही तिला जन्मभर ओढावी लागेल.

धाकट्याला मात्र मी थांबवीन. तो सतरा वर्षांचा आहे आणि सैन्यभरतीची तयारी करतोय, म्हणून त्याला वचन दाखवण्याआधी नियम दाखवा. लष्करात कायमचा टॅटू फक्त कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूला चालतो. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीनुसार सवलत आहे, ती त्याला लागू नाही. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत नियम आणखी कडक आहेत. तिथे हाताच्या आतल्या बाजूचा टॅटू फक्त डाव्या हातावर चालतो, कारण उजव्या हाताने सलामी द्यायची असते, आणि तोही त्या भागाच्या पाव हिश्श्यापेक्षा लहान हवा. दंडावर, मानेवर काढला तर दोन वर्षांची धावण्याची मेहनत वैद्यकीय तपासणीत वाया जाईल. अठरा पूर्ण होऊ दे, भरती होऊ दे, मग काय ते बघ म्हणावं. आणि जत्रेत बॅटरीवर चालणाऱ्या मशीनने नाव काढून देतात तिकडे कधीच जाऊ नकोस म्हणावं. एकच सुई दहा जणांना लागली तर कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्हीसुद्धा होऊ शकतो. हे त्याला तुमच्यापेक्षा त्याची ताई नीट समजावेल. तिलाच ते काम सांगा, तेवढंच बोलायला निमित्त होईल.

सध्या ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू आहे. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी ती घरी असावी असं मला फार वाटतं. त्यासाठी आज रात्रीच फोन करा. दुपारपाळी असेल तर साडेनऊनंतर करा, तोवर ती खोलीवर पोहोचून जेवलेली असेल. बोलण्याची सुरुवात टॅटूपासून करू नका. दीड वर्षाबद्दल विचारा, वॉर्डाबद्दल विचारा. मग म्हणा, "आजी तुझी आठवण काढते." ती काढत असणारच.

आणि ते आकडे कुठल्या पुस्तकातले, हे तिने सांगितलं की मलाही कळवा.